एन८एन स्वतःच्या सर्व्हरवर बसवलंय का कुणी? (अर्ध्यात अडकलोय)

पायरीपायरीने

नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवस, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

मला रोज सकाळी सहा संकेतस्थळांची सूचनांची पानं बघावी लागतात. नवीन काही आलंय का एवढंच. मागच्या महिन्यात दोन दिवस विसरलो आणि नेमकी त्यातलीच एक मुदत हुकली. तेव्हा ठरवलं, हे काम आता यंत्राच्या गळ्यात मारायचं. रोज ७ वाजता पानं बघ, कालच्या यादीशी ताडून पाहा, नवीन काही दिसलं तर टेलिग्रामवर निरोप टाक. बास.

सगळीकडे एन८एनचं (अशी कामं आपोआप करून देणारं सॉफ्टवेअर) नाव दिसलं म्हणून तेच घेतलं. हाताशी एक छोटा भाड्याचा सर्व्हर आहे, उबुंटू २४.०४, एक कोअर, १ जीबी मेमरी. आतापर्यंतची प्रगती अशी:

आधी एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन) बसवायला गेलो. बराच वेळ काहीतरी उतरत राहिलं आणि शेवटी 'किल्ड' एवढा एकच शब्द येऊन गप्प. मग डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन). त्याला डेटासाठी एक फोल्डर करून दिला, तर परवानगी नाही म्हणत कंटेनर मरतोय, उठतोय, परत मरतोय. ते ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मिटवलं (ओरडू नका). आता ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी आणि ५६७८ पोर्ट टाकला की पान उघडतं, पण म्हणतं, मी सुरक्षित कुकी वापरतो आणि तुम्ही असुरक्षित पत्त्यावरून आलात. ती कुकी बंद करायचा व्हेरिएबल सापडलाय, पण लावायला हात धजत नाही.

शिवाय एका व्हिडिओत पाहिलं की वेबहुकचा (बाहेरून येणारे निरोप घ्यायचा) पत्ता नीट लावावा लागतो, नाहीतर तो लोकलहोस्टच (म्हणजे स्वतःचंच यंत्र) दाखवत राहतो. म्हणजे डोमेन, प्रमाणपत्र, रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा मधला प्रोग्रॅम) हे सगळं आलंच का? १ जीबीत भागेल का? की मी चुकीच्या गावाला निघालोय?

रात्रपाळी

गाव बरोबर आहे, रस्ता खडबडीत आहे.

'किल्ड' म्हणजे मेमरी संपली आणि कर्नलने सगळ्यात जाड प्रोसेस उचलून मारली. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ सापडेल. डॉकरमध्ये हेच झालं तर कंटेनर १३७ हा आकडा टाकून मरतो (१२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल). १ जीबीच्या सर्व्हरवर २ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा, तिला ६०० परवानगी द्या, एफस्टॅबमध्ये ओळ घाला म्हणजे रीबूटनंतरही टिकेल. संथ चालेल, पण मरणार नाही.

आणि एनपीएम सोडाच. डॉकरमध्ये नोडची (एन८एन ज्यावर चालतं त्या नोड.जेएसची) योग्य आवृत्ती बरोबरच येते, ते भांडण तरी वाचतं.

परवानगीचं म्हणाल, तर कंटेनरमधला वापरकर्ता 'नोड' आहे आणि त्याचा क्रमांक १०००. तुम्ही फोल्डर सुडो लावून केला असणार, म्हणून तो रूटच्या मालकीचा झाला. मालकी १०००:१००० ला द्या आणि ते ७७७ काढा. ओरडत नाही, पण त्याच फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल आहे आणि तिच्यात तुमच्या सगळ्या पासवर्डांची किल्ली आहे. ती जगजाहीर लिहिती-वाचती ठेवलीत तुम्ही.

चिमटा

नाही नाही म्हणत ओरडलातच की.

क्रॉनोबा

सहा पानं, दिवसातून एकदा. यासाठी डॉकर, स्वॅप, प्रॉक्सी, प्रमाणपत्र? सुई टोचायला कुदळ कशाला?

कर्लने पान आणा, हवा तो भाग काढा, कालच्या फाइलशी डिफ करा, फरक असेल तर टेलिग्रामच्या बॉटला पुन्हा एक कर्ल. चाळीस ओळी. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) एक ओळ. क्रॉन १९७० च्या दशकापासून चालतोय, त्याला डॅशबोर्ड लागत नाही.

स्वल्पविराम

@क्रॉनोबा, अगदी अशीच स्क्रिप्ट माझ्याकडे होती. छान चालायची. मग एका संकेतस्थळाने पानाची मांडणी बदलली. स्क्रिप्टला त्यातलं काहीच सापडेना, कालही रिकामं, आजही रिकामं, डिफ शून्य. सहा आठवडे मी खुशीत, की काही नवीन नाही. 'बदल नाही' आणि 'चाललंच नाही' या दोन्हींचा निरोप एकच, शांतता.

एन८एनमध्ये निदान एक्झिक्युशनची यादी दिसते. कुठल्या नोडमधून (वर्कफ्लोच्या, म्हणजे कामाच्या साखळीच्या, पायरीतून) शून्य गोष्टी बाहेर पडल्या ते टिचकी मारून बघता येतं. चूक झाली की वेगळा एरर वर्कफ्लो चालवून निरोप पाठवता येतो. माझ्यासारख्या विसरभोळीला ते हवंच आहे.

क्रॉनोबा

स्वल्पविरामताई, तो दोष स्क्रिप्टचा, क्रॉनचा नाही. यादी रिकामी आली तर बोंब मार, अशी एक ओळ हवी होती. एकेचाळीसावी. आणि रिकामी यादी ही एन८एनच्या लेखी चूक नाहीच, तिथेही तो 'इफ' तुम्हालाच टाकावा लागतो. सर्व्हरच बंद पडला तर? तुमचा डॅशबोर्डही गप्पच बसणार ना?

स्वल्पविराम

हो, मान्य. म्हणून मी रोज एक 'जिवंत आहे' असा निरोप येऊ देते. तो आला नाही की समजायचं. पण एकेचाळीस ओळींनंतर बेचाळीसावी येते आणि मग तुम्ही स्वतःचं छोटं एन८एनच लिहीत बसता, फक्त चित्रांशिवाय.

चिमटा

मूलभूत शंका. याचा उच्चार काय? 'एनाठेन'? पाढा म्हटल्यासारखं वाटतं.

रात्रपाळी

एन-एट-एन. मूळ नाव 'नोडमेशन'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिला एन, शेवटचा एन, मधे आठ अक्षरं. कुबरनेटीसचं के८एस करतात तसंच.

चिमटा

म्हणजे आजपासून मी 'चि१टा'.

जुनाट_टर्मिनल

विषय निघालाच आहे तर ह्युगिनचं नाव कुणीच घेऊ नये? २०१३ पासून आहे, रुबीत लिहिलेलं, एमआयटी परवाना, आणि 'पान बघ, बदल कळव' यासाठीच जन्मलेलं. ओडिन नावाच्या नॉर्स देवाचे दोन कावळे असतात, जगभर फिरून येऊन कानात बातम्या सांगणारे, त्यातल्या एकाचं हे नाव. पोर्ट ३०००. सुरुवातीचं खातं ॲडमिन आणि पासवर्ड 'पासवर्ड', तो आधी बदला.

आणि वर कुणी म्हणालं नसलं तरी पुढे म्हणेलच म्हणून आधीच सांगतो, एन८एन हे काटेकोर अर्थाने ओपन सोर्स नाही. स्रोत उघडा आहे, पण मार्च २०२२ पासून परवाना 'सस्टेनेबल यूज' नावाचा आहे. स्वतःच्या कामासाठी खुशाल वापरा, पण तेच लोकांना सेवा म्हणून विकता येत नाही. त्यांचा स्वतःचा शब्द 'फेअर कोड'. अपाचे परवान्याचं हवं असेल तर नोड-रेड आहे.

पायरीपायरीने

मी विकणार नाहीये काही, मला फक्त माझ्या सहा सूचना हव्यात :) कावळा मात्र आवडला.

@रात्रपाळी, मालकी बदलली, ७७७ काढलं, स्वॅप केली. कंटेनर आता मरत नाहीये. दंडवत!

पण एक गोष्ट कळली नाही. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (फायरवॉल) चालू आहे आणि मी फक्त एसएसएचला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) परवानगी दिलीय. ५६७८ उघडलेलाच नाही. मग घरच्या ब्राउझरमधून पान दिसलं कसं?

कडीकोयंडा

याच ओळीची वाट बघत होतो.

डॉकर पोर्ट बाहेर देतो तेव्हा आयपीटेबल्समध्ये (कर्नलच्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम स्वतःच लिहितो. येणारं पॅकेट आधी नॅटच्या (पत्ता बदलण्याच्या) टप्प्यावरच कंटेनरकडे वळवलं जातं आणि मग फॉरवर्डच्या वाटेने जातं. यूएफडब्ल्यूचा पहारा आहे इनपुटच्या दारावर. त्या दाराशी पॅकेट जातच नाही. पहारेकरी जागा आहे, चोर खिडकीतून आलाय. यूएफडब्ल्यूचं स्टेटस विचारलंत तर ते प्रामाणिकपणे सांगेल की ५६७८ उघडलेला नाही.

उपाय एका शब्दाचा. कम्पोज फाइलमध्ये (डॉकरची मांडणी लिहिलेली फाइल) पोर्टच्या ओळीत नुसतं ५६७८:५६७८ न लिहिता त्याच्या आधी १२७.०.०.१: लावा. मग तो पोर्ट फक्त सर्व्हरच्या आतूनच दिसेल.

आता खरा प्रश्न. मालक खातं बनवलंत का? एन८एन पहिल्यांदा उघडणाऱ्याला विचारतं की मालक कोण. जो आधी पोचेल तो मालक. आणि हे नुसतं फॉर्म भरायचं पान नाही, आत कोड चालवायची सोय आहे.

पायरीपायरीने

नाही बनवलं. कुकीच्या निरोपापाशीच अडकलो होतो ना. तीन दिवस उघडं आहे.

चिमटा

तुमची कुकी अडली, येणाऱ्याची अडलीच असेल असं नाही. ह. घ्या.

कडीकोयंडा

घाबरू नका. आता मालक कोण विचारणारं पान दिसतंय का बघा. दिसत असेल तर कुणी बसलं नाही. तरी मी तुमच्या जागी असतो तर तो डेटा फोल्डर पुसून नव्याने सुरुवात केली असती, आत अजून आहे काय तुमचं? आणि जुन्या व्हिडिओंमध्ये 'बेसिक ऑथचे व्हेरिएबल लावा म्हणजे झालं' असं दिसेल, ते ऐकू नका. २०२३ च्या १.० आवृत्तीपासून ती सोयच काढून टाकलीय. व्हेरिएबल लावलात तरी कुलूप लागत नाही.

पायरीपायरीने

पुसलं. १२७.०.०.१ लावलं. बाहेरून आता काही दिसत नाही. अर्थात मलाही दिसत नाही.

उंटावरचा

पुसायचा विषय निघालाच आहे तर माझीही कथा ऐका. शहाण्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

मी सगळं 'नीट' केलं होतं. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट नको, पोस्टग्रेस लावलं. रोज रात्री पीजीडंप (त्याची प्रत), तो दुसऱ्या यंत्रावर पाठवायचा, आठवड्याचे सात राखायचे. एकदा परत भरूनही पाहिला होता, तक्ते सगळे जागेवर. मी गाढ झोपायचो.

एके दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. मी हसत हसत नवा सर्व्हर घेतला, डॉकर बसवलं, डंप भरला, एन८एन सुरू केलं. पस्तीस वर्कफ्लो, सगळे हजर. बायकोला म्हटलं, बघ, याला म्हणतात बॅकअप. मग पहिला वर्कफ्लो चालवला. क्रेडेन्शियल (साठवलेले पासवर्ड, टोकन) उलगडता येत नाही. दुसरा, तेच. सगळ्यांचं तेच.

झालं असं की एन८एन पासवर्ड आणि टोकन डेटाबेसमध्ये ठेवतं खरं, पण कुलूपबंद करून. ती किल्ली डेटाबेसमध्ये नसते. पहिल्यांदा सुरू होताना ती आपोआप तयार होते आणि त्या कॉन्फिग फाइलमध्ये जाऊन बसते, तीच जी रात्रपाळीने वर सांगितली. माझी डिस्कबरोबर गेली. नव्या सर्व्हरने आनंदाने नवी किल्ली बनवली. माझ्याकडे तेवीस कुलपं आणि भलतीच चावी.

दोन दिवस एकेका सेवेत जाऊन टोकन रद्द करणं, नवं काढणं, परत भरणं. त्यातली दोन खाती कुठल्या ईमेलवर होती हेसुद्धा आठवेना. आता किल्ली मी स्वतः तयार करून एन८एन-एन्क्रिप्शन-की या व्हेरिएबलमधून देतो आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये तिची एक प्रत असते. बायको अजून अधूनमधून विचारते, बॅकअप कसा आहे.

रात्रपाळी

+१. आणि हे करायची वेळ पहिल्या सुरुवातीआधीची. एकदा फाइलमध्ये किल्ली तयार झाली आणि नंतर तुम्ही वेगळीच व्हेरिएबलमध्ये दिलीत, तर किल्ल्या जुळत नाहीत म्हणून ते सुरूच होत नाही. @पायरीपायरीने, तुम्ही नुकतंच पुसलंय, तर हीच संधी.

पावणेसात

७ वाजता चालवायचंय म्हणालात म्हणून सांगतो. स्वतः बसवलेल्या एन८एनची वेळ, काही सांगितलं नाही तर, न्यूयॉर्कची असते. हे मला माहीत नव्हतं. माझे निरोप भलत्याच वेळी यायचे. मी हुशारी केली, बोटांवर तास मोजले आणि शेड्यूलमध्ये तेवढे पुढेमागे केले. छान बसलं.

नोव्हेंबरात एक दिवस निरोप तासभर उशिरा. कुणी हात लावलेला नाही. अख्खा रविवार लॉग वाचण्यात गेला. तिकडे उन्हाळी वेळ संपली होती, नोव्हेंबरचा पहिला रविवार! जेनेरिक-टाइमझोन आणि टीझेड हे दोन्ही व्हेरिएबल आपल्या वेळेचे लावा आणि माझ्यासारखी बोटं मोजू नका.

चिमटा

म्हणून नाव पावणेसात का?

पावणेसात

नाव त्याआधीचं आहे. योगायोग छळतो.

पायरीपायरीने

किल्ली, वेळ दोन्ही लावलं. पण आता डोमेन घेऊन कॅडी बसवायचं की एन्जिनएक्स (दोन्ही रिव्हर्स प्रॉक्सी) यात गोंधळलोय. एन्जिनएक्सला वेबसॉकेटसाठी वेगळे हेडर द्यावे लागतात म्हणे, नाहीतर 'कनेक्शन लॉस्ट' दिसत राहतं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं, ते नूतनीकरण... बरं, बसवतोच आहे तर दर पाच मिनिटांनी पानं बघायला लावू का? सूचना लवकर कळेल.

जुनाट_टर्मिनल

पाच मिनिटं? त्या पानांवर महिन्याला चार सूचना येत असतील. समोरही कुणाचा तरी सर्व्हरच आहे, कदाचित तुमच्याहून छोटा. दिवसातून एकदा म्हणाला होतात तेच शहाणपणाचं. रोबोट्स फाइल (यंत्रांनी कुठली पानं बघावीत हे सांगणारी) आधी वाचा. ती पद्धत १९९४ पासूनची आहे आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून रीतसर मांडलीसुद्धा गेली. समोरचा सर्व्हर ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) किंवा 'लास्ट मॉडिफाइड' देत असेल तर पुढच्या वेळी तो परत पाठवा. बदल नसेल तर ३०४ येतो, अख्खं पान ओढावं लागत नाही.

स्वल्पविराम

आणखी एक. पूर्ण पान ताडून पाहू नका. कोपऱ्यात भेट देणाऱ्यांची संख्या किंवा आजची तारीख असते, मग रोज 'बदल झाला'. एचटीएमएल नोडने फक्त सूचनांची शीर्षकं आणि दुवे काढा आणि तेवढेच ताडा. ब्राउझरमध्ये यादी दिसते पण आणलेल्या पानात रिकामी असेल, तर ती नंतर जावास्क्रिप्टने भरली जाते. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा भाग उघडून पाहा, बहुधा मागून एक साधं जेसन (यंत्राला वाचता येईल अशी मांडलेली माहिती) येत असतं, सरळ तेच मागवा. सर्व्हरवर अख्खं क्रोम चालवायच्या फंदात १ जीबीत पडू नका.

वाचनमात्र

मी सहसा लिहीत नाही, पण मूळ धागा आत्ता पुन्हा वाचला.

पायरीपायरीने, तुम्हाला वेबहुक कशासाठी हवंय?

वेबहुक म्हणजे बाहेरच्या कुणीतरी येऊन तुमचं दार ठोठावणं. तुमच्या कामात कुणी येतच नाही. ७ वाजता घड्याळ आतच वाजतं, पानं आणायला तुमचा सर्व्हर बाहेर जातो, टेलिग्रामला निरोप द्यायलाही तोच बाहेर जातो. सगळ्या फेऱ्या आतून बाहेर. म्हणजे डोमेन नको, प्रमाणपत्र नको, कॅडी-एन्जिनएक्स नको, एकही नवा पोर्ट उघडायला नको.

दार लागतं ते फक्त तुम्हाला एडिटर बघायला, आणि त्यासाठी एसएसएच आहेच. घरच्या यंत्रावरून: एसएसएच, मोकळी जागा, उणे मोठा एल, मग ५६७८:लोकलहोस्ट:५६७८, मग तुमचं नाव आणि सर्व्हर. तो बोगदा चालू ठेवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर ५६७८ उघडा. कुकीची तक्रारही जाईल, कारण लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित धरतो (सफारी सोडून, तिथे फायरफॉक्स किंवा क्रोम घ्या). काम झालं की बोगदा बंद. वर्कफ्लो सर्व्हरवर चालत राहतो.

कडीकोयंडा

मी कड्या विकत बसलो आणि यांनी दारच काढून टाकलं. दंडवत.

चिमटा

तीस प्रतिसाद होत आले, प्रश्न कुणी वाचलाच नव्हता! धाग्याची परंपरा राखल्याबद्दल सर्वांचे अभिनंदन.

पायरीपायरीने

चाललं!!

बोगद्यातून उघडलं, कुकी गप्प. मालक खातं केलं, वर्कफ्लो मांडला: शेड्यूल, एचटीटीपी रिक्वेस्ट, एचटीएमएल, मग कालचे दुवे लक्षात ठेवायला कोड नोडमध्ये स्टॅटिक डेटा, शेवटी टेलिग्राम. डॉकर स्टॅट्समध्ये तीनशे एमबीच्या आसपास दिसतंय, म्हणजे १ जीबीत बसलं.

मधे दोन तास मात्र एका गोष्टीत गेले. हाताने चालवून पाहिलं की दर वेळी सगळ्याच सूचना 'नव्या'. डोकं फिरायची वेळ आली.

स्वल्पविराम

स्टॅटिक डेटा हाताने चालवलेल्या चाचणीत साठतच नाही. वर्कफ्लो चालू करून शेड्यूलने आपणहून धावू द्यावा लागतो, तरच.

पायरीपायरीने

अगदी तेच निघालं, पण तुमच्या प्रतिसादाच्या तासभर आधी कळलं असतं तर! आज सकाळी ७ ला एक निरोप आला, त्यात एकच सूचना, आणि ती खरंच नवी होती. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एक छोटीशी हौस. त्या निरोपाखाली 'पाहिलं' असं बटण द्यायचं, ते दाबलं की सर्व्हरवर खूण व्हावी. टेलिग्राम ट्रिगर नोड टाकला तर तो एचटीटीपीएसचा पत्ता मागतोय.

कडीकोयंडा

आलात ना दाराशी. बसा, कड्या काढतो.

वाचनमात्र

अजून गरज नाही. टेलिग्रामला स्वतःच विचारता येतं, गेटअपडेट्स नावाने. दर मिनिटाला शेड्यूलने विचारा, बटण दाबलं असेल तर उत्तरात येईल. फक्त त्या बॉटवर आधी वेबहुक लावलेलं नसावं, ते असताना गेटअपडेट्स चालत नाही.

क्रॉनोबा

दर मिनिटाला. ठरलेल्या वेळी. एक कर्ल.

मी काही बोलत नाही.

उंटावरचा

ते बटण-बिटण नंतर. किल्ली सर्व्हरच्या बाहेर कुठे उतरवून ठेवलीत का?

पायरीपायरीने

ती कम्पोज फाइलमध्ये आहे की.

उंटावरचा

आणि कम्पोज फाइल कुठे आहे?

पायरीपायरीने

...उठतो.